नवऱ्याकडे आखातात जाताना: कोणते शुल्क, कुठे आणि कोणत्या क्रमाने भरायचे

सोलापुरातून नवऱ्याकडे सौदीला किंवा दुबईला निघालेल्या घरांत पैसे दोन जागी वाया जातात. एक तर बायकोला लागूच नसलेले शुल्क भरले जाते. नाहीतर लागू असलेले शुल्क फार लवकर भरले जाते, मग मुदत संपते आणि तेच पुन्हा भरावे लागते. 'इमिग्रेशनचे' म्हणून घेतलेले पैसे पहिल्या प्रकारातले, 'मेडिकलचे' दुसऱ्या.

एजंटची चिठ्ठी बहुतेकांनी पाहिलेली असते. कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे चार शब्द: पासपोर्ट, इमिग्रेशन, मेडिकल, स्टॅम्पिंग (म्हणजे प्रत्यक्ष व्हिसा घेणे). खाली रेघ मारून एकच मोठा आकडा. कुठल्या शब्दापुढे किती, ते कुणी लिहीत नाही. आणि गंमत अशी की त्या चारपैकी एक शब्द बायकोसाठी बहुतेक वेळा खोडायचाच असतो.

हा लेख कामाला जाणाऱ्यासाठी नाही. नवरा तिथे कामावर आहे आणि पत्नी, सोबत मुले असतील तर मुले, त्याच्या आधाराने राहायला जात आहेत, त्यांच्यासाठी आहे. मुख्य उदाहरण सौदीचे घेतले आहे. दुबई, अबुधाबीकडे फरक पडतो तिथे तसे सांगितले आहे. आकडे हा मजकूर लिहितानाचे आहेत. भरण्यापूर्वी सरकारी संकेतस्थळावर एकदा पाहून घ्या.

सुरुवातीआधी: दोन रकाने, दोन खिसे

एका कागदावर दोन रकाने पाडा. डावीकडे सोलापूर-मुंबईत रुपयांत भरायचे, उजवीकडे नवऱ्याने तिकडे रियालात किंवा दिरहमात भरायचे. अर्धा घोळ इथेच मिटतो. नवऱ्याने 'अबशर' या सौदी सरकारच्या ऑनलाइन सेवेवर भरलेलेच शुल्क इकडचा एजंट पुन्हा मागतो आणि घरचे देऊन टाकतात, कारण फोनवर नीट बोलणेच झालेले नसते. "अहो, स्टॅम्पिंगचे तुम्ही भरले की इथे भरायचे?" हे वाक्य प्रत्येक रकमेआधी विचारा आणि उत्तर व्हॉट्सअॅपवर लेखी घ्या.

कार्डाचेही आधीच बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२० पासून नवे कार्ड फक्त देशातल्या वापरासाठी चालू असते. परदेशी संकेतस्थळावर डॉलर भरायचे तर बँकेच्या अॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करावा लागतो. पैसे भरून झाले की परत बंद करा.

टप्पा १: नवऱ्याची बाजू पक्की आहे का?

एक रुपयाही खर्च करण्याआधी हे विचारा. सौदीत राहण्याचा कौटुंबिक व्हिसा मिळणार की नाही, हे नवऱ्याच्या इकाम्यावर (तिथल्या राहण्याच्या परवान्यावर) लिहिलेल्या हुद्द्यावर अवलंबून असते. तो प्रत्यक्षात सुपरवायझरचे काम करत असेल, पण इकाम्यावर 'लेबर' असेल तर तिकडे कागदच चालतो. दुबईकडे पगार पाहतात: महिना ४,००० दिरहम, किंवा ३,००० दिरहम आणि राहायची सोय.

हुद्दा बसत नसेल तर व्हिजिट व्हिसा हा दुसरा मार्ग उरतो. त्याचे शुल्क आणि कागद वेगळे. पुढचे टप्पे राहण्याच्या व्हिसासाठी आहेत.

तपासा: इकाम्याचा फोटो मागवा. त्यावरचा हुद्दा, मुदत आणि नवऱ्याच्या नावाचे स्पेलिंग पाहा. मुदत थोडीच उरली असेल तर आधी नूतनीकरण, मग बाकीचे.

टप्पा २: विवाह नोंदणी आणि नावांची जुळणी

सगळे गाडे इथे अडते. पुढचे पैसे चुकण्याचे मूळही बहुधा इथेच सापडते.

लग्न सोलापूर महापालिकेच्या हद्दीत झाले असेल तर नोंदणी महापालिकेकडे, गावात झाले असेल तर ग्रामपंचायतीत. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे अर्ज 'नमुना ड' मध्ये भरायचा, तीन साक्षीदार लागतात आणि प्रमाणपत्र 'नमुना ई' मध्ये मिळते. उशिरा केलेल्या नोंदणीला विलंब शुल्क असते, पण ते किरकोळ असते. लग्नाला दहा वर्षे झाली म्हणून नोंदणी होणार नाही, असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

निकाहनामा आहे, मग वेगळे प्रमाणपत्र कशाला, असा प्रश्न शहरात नेहमी येतो. निकाहनामा जपून ठेवा, नोंदणीला तो पुरावा म्हणून लागेल. पण पुढे शिक्का बसतो तो नोंदणी प्रमाणपत्रावर.

आता नावे. आपल्याकडे लग्नानंतर मुलीचे मधले नाव आणि आडनाव बदलते, कधी पाळण्यातले नावही बदलतात. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, विवाह प्रमाणपत्रावर दोन्हींची सरमिसळ. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत आडनाव आधी लिहायची पद्धत आहे, त्यामुळे पासपोर्टच्या रकान्यांत नाव आणि आडनाव उलटे बसते. मुस्लिम घरांत 'बी', 'बेगम' एका कागदावर असते, दुसऱ्यावर नसते. काही जणींच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामाच असतो. आखातात जाणाऱ्यांनी तो रिकामा ठेवू नये, एकाच शब्दाच्या नावावर तिथे अडचणी येतात.

क्रम असा ठेवा: आधी पासपोर्टवर कोणते नाव हवे ते ठरवा, त्याप्रमाणे आधार दुरुस्त करा, मग त्याच स्पेलिंगने विवाह नोंदणी करा. प्रमाणपत्र हातात पडल्यावर तिथेच, खिडकीसमोर उभे राहून वाचा. नवऱ्याचे नाव त्याच्या पासपोर्टशी अक्षरन् अक्षर ताडून बघा. 'शेख' मधला एक इंग्रजी एच जास्त-कमी झाला तरी पुढे प्रतिज्ञापत्रे करत फिरावे लागते.

खबरदारी: प्रमाणपत्रावर मजकूर इंग्रजीतही हवा. फक्त मराठी असेल तर आत्ताच इंग्रजी प्रत मागा.

टप्पा ३: पासपोर्ट

नव्या ३६ पानी पासपोर्टचे शुल्क १,५०० रुपये. तत्काळ हवा असेल तर त्यावर २,००० रुपये जास्त. अठराखालच्या मुलांसाठी १,००० रुपये. सोलापूर पुणे प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येते आणि शहरातच पासपोर्ट सेवा केंद्र आहे. साध्या अर्जासाठी पुण्याला धावायची गरज नाही.

शुल्क ऑनलाइन भरायचे आणि मग वेळ निवडायची. एकदा भरलेले शुल्क वर्षभर चालते आणि तेवढ्यात तीनदा वेळ घेता येते. म्हणजे एका भेटीत कागद कमी पडला म्हणून पुन्हा १,५०० भरायचे नसतात. हे माहीत नसल्याने लोक नवा अर्ज करून बसतात.

खोट्या संकेतस्थळांचा सुळसुळाट आहे. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' नसेल तर पैसे भरू नका, मग पानावर अशोकस्तंभ कितीही मोठा असो.

पोलीस पडताळणीचे वेगळे शुल्क नसते. घरी चौकशीला आलेल्याला चहा द्या, कागद दाखवा. पावती नसलेली रक्कम देणे बंधनकारक नाही.

आधीच पासपोर्ट असेल आणि त्यावर नवऱ्याचे नाव घालायचे असेल, तर ती दुरुस्ती नसून पुन्हा पासपोर्ट काढणे आहे. शुल्क तेच. त्यामुळे नाव, पत्ता, पुढच्या टप्प्यातला ईसीआर शिक्का हे सारे एकाच अर्जात उरका. एकेक बदल करत बसलात तर दर वेळी १,५०० जातील.

तपासा: पासपोर्टची मुदत पुरेशी आहे का? सहा महिन्यांपेक्षा कमी उरली असेल तर व्हिसाच्या मागे लागण्याआधी नवा काढा. नाहीतर मेडिकलची स्लिप (तपासणीचे केंद्र ठरवून देणारी चिठ्ठी) जुन्या क्रमांकावर निघते आणि व्हिसा नव्या क्रमांकावर मागतात.

टप्पा ४: 'इमिग्रेशन' नावाचे शुल्क

एमिग्रेशन अॅक्ट १९८३ हा परदेशात नोकरीसाठी जाणाऱ्यांचा कायदा आहे. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर साधारणपणे ईसीआर म्हणजे 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड' असा शिक्का असतो. अशा माणसाला सौदी, यूएई (दुबई, अबुधाबीचा देश), कुवेत, कतार, ओमान, बहारीन यांसारख्या ठरलेल्या देशांत कामासाठी जायचे असेल तर सरकारी परवानगी लागते. तिलाच बोलीभाषेत इमिग्रेशन म्हणतात.

बायको कामाला जात नाही. ती नवऱ्याच्या आश्रित व्हिसावर जाते. म्हणून ही परवानगी तिला लागत नाही, आणि तिचे शुल्कही लागत नाही. १ ऑक्टोबर २००७ पासून नोकरीखेरीज अन्य कारणाने जाणाऱ्या ईसीआर पासपोर्टधारकांना या परवानगीतून मोकळे केले आहे. त्यांच्याकडे वैध पासपोर्ट, वैध व्हिसा आणि परतीचे तिकीट असावे, एवढीच अट आहे.

ज्याला खरोखर लागते त्या कामगारालाही किती पडते? 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर अर्जाचे २०० रुपये आणि प्रवासी भारतीय विमा योजनेचा हप्ता, दोन वर्षांसाठी २७५ किंवा तीन वर्षांसाठी ३७५ रुपये. नोंदणीकृत भरती एजंटने कामगाराकडून घ्यायच्या सेवाशुल्कालाही ३०,००० रुपये आणि कर अशी मर्यादा आहे. हे आकडे लक्षात ठेवा. 'बायकोच्या इमिग्रेशनचे पंधरा हजार' असे कुणी म्हणाले की ते कशाचे, एवढेच विचारा. पुष्कळदा आकडा तिथेच खाली येतो.

परतीच्या तिकिटाची अट मात्र डोकेदुखी ठरते. राहायला जाणारी बाई एका बाजूचेच तिकीट काढते. पासपोर्टवर ईसीआर असेल तर विमानतळावर प्रश्न विचारले जातात, आणि तिथे रात्री अकरा वाजता बाजू मांडायला कुणी नसते. त्यामुळे शिक्का काढता येत असेल तर आधीच काढलेला बरा. मार्ग पुढीलप्रमाणे:

दहावी पास असाल तर प्रमाणपत्र जोडा, काम झाले. वय पन्नासच्या वर असेल तरी चालते. स्वतः किंवा पती प्राप्तिकर भरत असेल तर पत्नीही या सवलतीत बसते. आणि चौथा मार्ग फार थोड्यांना ठाऊक असतो: जो माणूस एकूण तीन वर्षांपेक्षा जास्त परदेशात राहिला आहे, सलग किंवा तुकड्यातुकड्याने, तो आणि त्याची पत्नी दोघेही ईसीआरमधून सुटतात. नवरा सौदीत चार वर्षे असेल तर त्याच्या पासपोर्टवरचे येण्याजाण्याचे शिक्के आणि इकामा यांवरून हे दाखवता येते. पाचवीत शाळा सोडलेली बाईही या मार्गाने ईसीआरशिवाय पासपोर्ट काढू शकते.

पासपोर्टच्या पानावर ईसीआर असे काहीच छापलेले नसेल तर तुम्ही आधीच सुटलेल्या आहात. 'ईसीएनआर शिक्का मारून आणतो' म्हणणाऱ्याला नमस्कार करा. तसा शिक्का मारायची पद्धत आता राहिलेली नाही.

खबरदारी: एजंट म्हणेल, कौटुंबिक व्हिसा अवघड आहे, घरकामाच्या व्हिसावर पाठवतो, तिथे गेल्यावर नवऱ्याकडे बदलून घ्या. हे करू नका. कागदावर ती बाई कामगार होते, दुसऱ्याच मालकाच्या नावावर जाते आणि तिचे परत येणेही त्या मालकाच्या हाती राहते. ईसीआर पासपोर्टवरच्या तीस वर्षांखालच्या बाईला या देशांत नोकरीसाठी जाण्याची परवानगीही मिळत नाही. शंका आली तर परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा १८०० ११ ३०९० हा मोफत क्रमांक आहे.

टप्पा ५: विवाह प्रमाणपत्रावर शिक्का

सौदी डिसेंबर २०२२ पासून अपोस्टिल, म्हणजे एका देशाचा कागद दुसऱ्या देशात चालवणारा साक्षांकनाचा शिक्का, मानणाऱ्या देशांत आहे. म्हणजे प्रमाणपत्र आधी मंत्रालयातून राज्य पातळीवर साक्षांकित करायचे, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल लावायचा. यूएई, कुवेत, कतारसाठी अपोस्टिल चालत नाही. तिथे परराष्ट्र मंत्रालयाचे साधे साक्षांकन आणि त्या त्या दूतावासाचे साक्षांकन, असा प्रवास असतो.

सरकारी दर ऐकून हसू येईल. अपोस्टिलचे एका कागदाला ५० रुपये, साध्या साक्षांकनाला काहीच नाही. वर नेमलेल्या सेवा कंपनीचे माफक शुल्क, कारण परराष्ट्र मंत्रालय थेट कागद स्वीकारत नाही. दूतावासाचे शुल्क मात्र चांगलेच असते. बाजारात जे हजारो रुपये मागतात त्यात मुंबईची धावपळ आणि नफा आला. धावपळ वाचवण्यासाठी पैसे देणे चूक नाही. पण सरकारी शुल्क किती आणि त्यांची मजुरी किती, हे वेगळे लिहून घ्या.

देश ठरल्याशिवाय शिक्का मारू नका. सौदीचा अपोस्टिल लावला आणि नवऱ्याची बदली दुबईला झाली, तर दुसऱ्या मार्गाने पुन्हा सगळे करावे लागते. अरबी भाषांतर लागत असेल तर ते शिक्क्यांनंतर, म्हणजे शिक्क्यांचा मजकूरही त्यात येतो.

मूळ प्रमाणपत्राला लॅमिनेशन करू नका. प्लास्टिकवर कुणी शिक्का मारत नाही.

टप्पा ६: मेडिकल

नवऱ्याने अर्ज केला, तिकडून व्हिसाला मंजुरी आली, तिचा क्रमांक हातात आला. आता मेडिकल. त्याआधी नाही. अहवालाला ठरावीक मुदत असते आणि ती तपासणीच्या दिवसापासून मोजली जाते. 'तोवर मेडिकल उरकून घेऊ' म्हणून आधी केलेला अहवाल मंजुरी येईपर्यंत शिळा होतो, आणि केंद्राचे पैसे परत मिळत नाहीत.

यूएईचे वेगळे आहे. तिथे राहण्याच्या व्हिसासाठीची तपासणी पोचल्यावर तिथल्याच केंद्रात होते, अठरा वर्षांवरच्या सगळ्यांची. दुबईला जाणाऱ्या बाईने निघण्याआधी इथे मेडिकल करावे, असे कुणी सांगितले तर कोणत्या नियमाने, ते दाखवायला सांगा.

सौदी आणि कुवेतसारख्या देशांसाठी मान्य केंद्रांचीच तपासणी चालते. या व्यवस्थेला पूर्वी गामका म्हणत, आता 'वाफिद' म्हणतात, जुने नाव तोंडात राहिले आहे. सोलापुरातल्या कितीही चांगल्या लॅबचा अहवाल इथे उपयोगाचा नाही.

६ (अ): स्लिप काढणे. वाफिदच्या संकेतस्थळावर अर्ज भरून १० डॉलर ऑनलाइन भरायचे. हे फक्त स्लिपचे. तपासणीचे पैसे वेगळे, ते केंद्रावर रुपयांत. एकाच कामाचे दोनदा घेतले, असे वाटून केंद्रावर वाद घालणारे पुष्कळ. दोन्ही खरी शुल्के आहेत, दोन्हींच्या पावत्या घ्या.

अर्जात चार जागी चुका होतात. पासपोर्ट क्रमांकात शून्य आणि इंग्रजी ओ यांची अदलाबदल. नाव आणि आडनाव उलट. व्हिसाच्या प्रकारात 'फॅमिली' ऐवजी 'वर्क'. आणि जायच्या देशाच्या जागी भलताच देश. 'पैसे भरा' हे बटण दाबण्याआधी पासपोर्ट उघडा ठेवून दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या. चूक स्लिपवर छापली गेली की बहुधा नवी स्लिप काढावी लागते, म्हणजे पुन्हा १० डॉलर.

कार्डातून पैसे गेले पण स्लिप आली नाही, असेही होते. लगेच दुसऱ्यांदा भरू नका. आधी ईमेल आणि स्पॅम पाहा, मग पासपोर्ट क्रमांकाने नोंद शोधा. देशांतर्गत ऑनलाइन व्यवहारात पैसे कापले गेले आणि समोरच्याला पोचले नाहीत, तर बँकेने पाच दिवसांत परत करायचे असतात, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. डॉलरच्या व्यवहाराला मात्र बँकेकडे तक्रार नोंदवूनच पाठपुरावा करावा लागतो. म्हणून स्क्रीनचा फोटो काढून ठेवा.

६ (आ): तपासणीचा दिवस. सोलापूरकर बहुधा मुंबई धरतात. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी उतरता येते आणि केंद्र उघडताच पोचता येते. सकाळची वंदे भारत मुंबईला दुपारीच टेकते, त्यामुळे तपासणीसाठी ती उपयोगाची नाही, परत येताना बघा. सोबत मूळ पासपोर्ट, त्याच्या प्रती, स्लिपची छापील प्रत, फोटो आणि रोख रक्कम ठेवा. काही केंद्रांवर कार्ड चालत नाही.

छातीचा एक्स-रे, रक्त, लघवी आणि शारीरिक तपासणी होते. क्षयरोग, एचआयव्ही, हेपॅटायटिस बी आणि सी यांवर भर असतो. बायकांनी दोन गोष्टी आधीच बघाव्यात. पाळीच्या दिवसांत लघवीचा नमुना देऊ नका, त्यात रक्त दिसून पुन्हा बोलावतात, तारीख पुढे घ्या. आणि दिवस राहिल्याची शंका असेल तर आधी घरी चाचणी करा. गरोदरपणात एक्स-रे काढत नाहीत आणि अहवाल अडतो. एक्स-रेच्या खोलीत शिरण्याआधी हे सांगायलाच हवे. सासू शेजारी उभी आहे म्हणून गप्प बसू नका.

लहानपणी क्षयरोग होऊन गेला असेल तर छातीच्या फोटोत डाग राहतो आणि त्यावरून 'अनफिट' येऊ शकते. स्लिप काढण्याआधीच सोलापुरात छातीच्या डॉक्टरांकडून साधा एक्स-रे काढून घ्या. थोडे पैसे जातील, पण पुढे काय वाढून ठेवले आहे ते कळेल. जुने उपचाराचे कागद सोबत न्या. 'अनफिटचे फिट करून देतो' म्हणणारे केंद्राबाहेर भेटतात. निकाल थेट यंत्रणेत नोंदवला जातो, बाहेरच्या माणसाचा त्याला हात लागत नाही. तिकडे पोचल्यावर पुन्हा तपासणी आहेच.

तपासा: निकाल वाफिदच्या संकेतस्थळावर पासपोर्ट क्रमांक टाकून स्वतः बघा. कागदावर 'फिट' लिहिलेले पुरेसे नाही, तिथे 'फिट' दिसले पाहिजे. त्याच पानावरची मुदत वहीत टिपा. यापुढची प्रत्येक तारीख त्या मुदतीच्या आत बसवायची आहे.

टप्पा ७: स्टॅम्पिंग

सौदीसाठी मुंबईतल्या व्हिसा केंद्रात बोटांचे ठसे आणि कागद द्यावे लागतात. बाईला स्वतः जावे लागते, मुलांचेही विचारून घ्या. शुल्कात व्हिसाचा भाग, विम्याचा भाग आणि केंद्राची सेवा असे तुकडे असतात. 'प्रीमियम लाउंज', एसएमएस, घरपोच कुरिअर हे ऐच्छिक असतात. नको असतील तर पैसे भरण्याआधीच नाही म्हणा.

कुवेतसारखा देश पोलिसांचा चारित्र्य दाखला मागतो. त्याचे ५०० रुपये, अर्ज पासपोर्टच्याच संकेतस्थळावर, सोलापूरच्या केंद्रातूनही होतो. मागितला नसेल तर उगाच काढू नका, त्यालाही मुदत असते.

पासपोर्ट परत आला की व्हिसावरचे नाव, क्रमांक आणि वापराची शेवटची तारीख वाचा. मग तिकीट.

टप्पा ८: विमानतळावर दाखवायचे कागद

एका पारदर्शक पिशवीत वर ठेवा: पासपोर्ट, व्हिसा, विवाह प्रमाणपत्राची मूळ प्रत आणि झेरॉक्स, नवऱ्याच्या पासपोर्टची आणि इकाम्याची प्रत, त्याचा तिकडचा पत्ता आणि फोन. चेक-इनच्या बॅगेत मूळ प्रमाणपत्र टाकू नका. ईसीआर शिक्का असेल तर परतीचे तिकीटही याच पिशवीत. 'काय करायला चाललात?' या प्रश्नाला 'नवऱ्याकडे राहायला' एवढेच उत्तर द्या. 'काम मिळाले तर बघू' असे बोलून जाल तर पुन्हा चौकशीला उभे राहावे लागेल.

टप्पा ९: तिकडे पोचल्यावरचे शुल्क, उजव्या रकान्यातले

सौदीत पोचल्यापासून नव्वद दिवसांत पत्नीचा इकामा निघायला हवा. त्याआधी तिथली तपासणी आणि आरोग्य विमा. खासगी नोकरीतल्या परदेशी माणसाला प्रत्येक आश्रितामागे महिन्याला ४०० रियाल भरावे लागतात, म्हणजे वर्षाला ४,८०० आणि तेही आगाऊ. बायको आणि दोन मुले असतील तर वर्षाचे १४,४०० रियाल झाले. घरभाडे, शाळा वेगळी. हा आकडा टप्पा एकच्या वेळीच कागदावर मांडा. सगळे खर्च करून झाल्यावर कळला तर सहा महिन्यांत माणसे परत पाठवावी लागतात.

यूएईत एमिरेट्स आयडीचे वर्षाला १०० दिरहम, शिवाय तपासणी आणि व्हिसाचे शुल्क. इथेही मुदत पाळायची, उशीर झाला की दररोजचा दंड.

शेवटी, सौदीतून बाहेर पडायचे शुल्क. माहेरी दिवाळीला किंवा बाळंतपणाला यायचे तर इकामा असणाऱ्या बायकोला 'एक्झिट री-एंट्री' लागते. एका फेरीसाठी दोन महिन्यांपर्यंत २०० रियाल, पुढे प्रत्येक महिन्याला १०० जास्त. अनेक फेऱ्यांची तीन महिन्यांपर्यंत ५०० रियाल, पुढे महिन्याला २००. ती नवऱ्याने त्याच्या 'अबशर' खात्यातून काढायची असते, आणि आश्रितांचे शुल्क थकलेले असेल तर आधी ते भरावे लागते. कायमचे परतायचे असेल तर 'फायनल एक्झिट', त्याला शुल्क नाही. पण री-एंट्रीऐवजी चुकून फायनल एक्झिट निघाली तर इकामा संपतो आणि परत जायला टप्पा सहापासून पुन्हा सगळे करावे लागते. तिकीट काढण्याआधी नवऱ्याकडून त्या परवान्याचा फोटो मागवा आणि त्यावर यातले नक्की काय लिहिले आहे, किती तारखेपर्यंत परतायचे आहे, ते वाचा.